विश्लेषण : नोकरीत खंड पडला, आता एमबीए करता येईल? ठाणे-डोंबिवलीच्या अर्जदारांचे घोडे नेमके कुठे अडते?

प्रवेशाच्या नियमांत खंडाला शिक्षा जवळपास नाहीच. अडचण येते ती मुलाखतीच्या टेबलावर, कॅम्पसच्या अटींत आणि घरच्या वेळापत्रकात. म्हणूनच अर्ज भरण्याआधी काही हिशेब कागदावर मांडणे गरजेचे आहे.

एमबीए-एमएमएस सीईटीची नोंदणी सुरू झाली, की ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मध्ये तीन-चार वर्षे गेली आहेत, चालेल का?’ विचारणारा बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारतो. जणू काही चोरी केली आहे. प्रत्यक्षात या प्रश्नाचे उत्तर तीन वेगवेगळ्या जागी तीन वेगवेगळे आहे. सीईटीच्या अर्जावर एक, आयआयएमच्या मुलाखतीत दुसरे आणि दोन वर्षांनी कॅम्पसवर येणाऱ्या कंपनीच्या अटींत तिसरे. ही तिन्ही उत्तरे एकच समजल्याने काही जण अर्जच भरत नाहीत आणि काही जण डोळे झाकून कर्ज काढतात.

खंड कोणाकोणाला पडतो?

पहिला मोठा गट स्पर्धा परीक्षावाल्यांचा. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून यूपीएससी-एमपीएससीच्या उमेदवारांना मार्गदर्शन करते आहे, म्हणजे या शहरात ही वाट चांगलीच मळलेली आहे. यूपीएससीत खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात, तर राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन तयारीला बसलेला मुलगा पूर्व, मुख्य, मुलाखत असा दोन-तीनदा फिरून आला की सव्वीस-सत्तावीसचा होतो. सीव्हीवर त्या वर्षांपुढे काहीच नसते.

दुसरा गट स्त्रियांचा. बाळंतपण, मग मुलाची शाळा, मग सासऱ्यांचे आजारपण, अशी सहा महिन्यांची रजा सहा वर्षांची कधी होते ते कळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. पण पाळणाघर ऐरोलीच्या कंपनीत असले आणि घर कल्याणला असले, तर तान्ह्या मुलाला घेऊन लोकलमध्ये शिरणार कोण? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आला, पुरुषांचा ८८. तीन तास एकवीस मिनिटांचा हा फरक म्हणजेच अनेकींच्या सीव्हीवरची रिकामी जागा.

तिसरा गट नोकरी गेलेल्यांचा : कोविडकाळात बंद पडलेल्या छोट्या कंपन्या, आयटीतील कपात, स्वतःचे किंवा घरातील कोणाचे दुखणे. या गटातले लोक खंडाबद्दल सर्वांत कमी बोलतात.

सीईटीतून प्रवेशाला खंड आड येतो का?

नाही. राज्यातील एमबीए आणि एमएमएसचे केंद्रीभूत प्रवेश, म्हणजे ‘कॅप’, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीवर होतात. पात्रता म्हणजे किमान तीन वर्षांची पदवी आणि त्यात ५० टक्के गुण. महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के. कमाल वयाची अट नाही. नोकरीच्या अनुभवाची अट नाही. पदवी कोणत्या वर्षी घेतली याला गुणवत्ता यादीत महत्त्व नाही. गटचर्चा नाही, मुलाखतही नाही. दहा वर्षे घरी बसलेली पदवीधर आणि यंदाच बीकॉम झालेला मुलगा यांच्यात यादी फक्त सीईटीचा गुण पाहते. गुण समान झाले तरच इतर निकष उघडतात.

हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण खासगी संस्थांच्या जाहिरातीत ‘प्रोफाइल’ हा शब्द इतका मिरवलेला असतो. चर्चगेटची जमनालाल बजाज ही मुंबई विद्यापीठाची १९६५ ची संस्था. तिथे खुल्या गटातून जायला साधारण ९९.९ च्या आसपासचे पर्सेंटाइल लागते, हे भीतीदायक आहेच. पण तिथेही कॅपच्या जागेसाठी ‘मधली वर्षे कुठे होतात?’ असे विचारणारे कोणी समोर बसत नाही.

परीक्षेचे गणित वेगळे आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ७५ तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणित बहुतांशी दहावीच्या पातळीचे असते, पण हात बसलेला नसला तर टक्केवारीचे साधे उदाहरणही दीड मिनिट खाते. खंड पडलेल्या उमेदवाराचे खरे नुकसान इथे होते : बुद्धी गंजत नाही, वेग गंजतो. तो परत यायला बहुतेकांना काही महिने तरी रोज घड्याळ लावून सोडवावे लागते. दिवसाचे चार तास सलग मिळत नसतील, तर दीड तासाचे दोन तुकडे चालतात. मात्र आठवड्यातून एकदा तरी पूर्ण अडीच तासांची सराव परीक्षा एका बैठकीत द्यावीच लागते. घरात हे जमत नसेल, तर जवळच्या अभ्यासिकेत महिन्याची फी भरून जागा घेतलेली बरी. ‘आई अभ्यास करते आहे’ हे वाक्य बंद दाराआडून कोणी ऐकत नाही.

एक दिलासा असा, की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून एमबीएची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला आहे. दोन्ही वेळा बसलेल्यांचा चांगला गुण धरला जाणार. ज्यांच्या घरात परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ताप येऊ शकतो, त्यांना ही सोय इतरांपेक्षा अधिक कामाची आहे.

परीक्षेपूर्वी ‘पर्सेंटाइल वाढवून देतो’ असा फोन आला तर मात्र तो तिथेच ठेवावा. अशा आमिषाने उमेदवारांना गाठणाऱ्यांवर २०२५ मध्ये सीईटी कक्षाच्या तक्रारीनंतर मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल करून अटकही केली होती. वय वाढले, आता शेवटची संधी, असे वाटणारा उमेदवार या मंडळींना सर्वांत सोपा सापडतो.

मग आयआयएम आणि इतर संस्थांचे काय?

इथे खंड मोजला जातो, पण थेट नाही. कॅट दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. वयोमर्यादा इथेही नाही. मात्र कॅटचा गुण हाती आल्यावर प्रत्येक आयआयएम आपापले सूत्र लावते : दहावी, बारावी, पदवीचे गुण, कॅटचा गुण आणि कामाचा अनुभव. अनुभव महिन्यांत मोजतात आणि साधारण तीन वर्षांच्या आसपास त्याचे गुण वाढायचे थांबतात. सहसा पदवीनंतरची, पूर्णवेळची, पगारी नोकरीच धरली जाते. इंटर्नशिप, आर्टिकलशिप, अर्धवेळ काम बाहेर राहते.

याचा अर्थ असा, की खंडाचे वजा गुण कोणी देत नाही. शून्य देतात. तीन वर्षे नोकरी करून मग चार वर्षे घरी असलेल्या उमेदवाराचे त्या तीन वर्षांचे गुण शाबूत राहतात. अनेक आयआयएम स्त्री उमेदवारांना विविधतेसाठी काही जादा गुणही देतात. उलट चार वर्षे फक्त स्पर्धा परीक्षा दिलेल्याला अनुभवाच्या रकान्यात शून्य पडते आणि ते कॅटच्या गुणांनी भरून काढावे लागते.

ठाण्याहून सर्वांत जवळचे मोठे दरवाजे पवईत आहेत. आयआयटी मुंबईची शैलेश जे. मेहता व्यवस्थापन शाळा आणि २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालेली जुनी नीटी. दोन्हीकडे दोन वर्षांच्या एमबीएसाठी कॅट लागते. कॅटचा गुण एकाच वर्षासाठी चालतो, जीमॅट आणि जीआरईचा पाच वर्षे. ज्यांची तयारी घरच्या कारणाने मध्येच सुटू शकते त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. एकदा जीमॅट चांगली गेली, की अर्ज पुढच्या वर्षी टाकता येतो. पण जीमॅट प्रामुख्याने अनुभवी लोकांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठी चालते, आणि तिथे अनुभवाची अट कडक असते. आयआयएम बंगळूरुच्या ईपीजीपीला, उदाहरणार्थ, किमान पाच वर्षे लागतात.

अंधेरीच्या एसपीजेआयएमआरने मात्र नोकरीत खंड पडलेल्या स्त्रियांसाठीच अकरा महिन्यांचा पदव्युत्तर व्यवस्थापन कार्यक्रम उभा केला. इथे खंड हा दोष नसून पात्रतेचाच भाग ठरतो. असे अपवाद मोजकेच आहेत. प्रवेश त्या वर्षी खुला आहे का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढचे ठरवावे.

मुलाखतीत काय सांगायचे?

दोन वाक्ये. तीही कारण आणि परिणाम अशा क्रमाने. समजा, डोंबिवलीचा एक अभियंता चार वर्षे राज्यसेवा देत होता आणि दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. त्याने पॅनेलसमोर ‘दुर्दैवाने यश आले नाही’ अशी सुरुवात केली, की पुढची दहा मिनिटे तो आरोपी होतो. त्याऐवजी ‘२०२१ ते २०२४ राज्यसेवा दिली, दोनदा मुख्य परीक्षा दिली, त्यानंतर थांबायचे ठरवले’ एवढे पुरते. पॅनेलचा खरा प्रश्न ‘का नापास झालास?’ हा नसतो. ‘आताच एमबीए का, आणि नेमके कशासाठी?’ हा असतो. या प्रश्नावर स्पर्धा परीक्षावाले अनेकदा ढेपाळतात, कारण त्यांच्या मनात एमबीए हा दुसरा पर्याय असतो आणि ते चेहऱ्यावर दिसते. खरे तर राज्याचा अर्थसंकल्प, स्थानिक स्वराज्य संस्थांचे उत्पन्न, सिंचन, शेतीमालाचे भाव यांवर त्यांच्याइतके तयार उमेदवार समोर क्वचितच येत असतील. हे भांडवल त्यांनी स्वतः बाहेर काढायचे असते.

स्त्री उमेदवारांनी घरातल्या कामाला व्यवस्थापनाची भाषा चढवू नये. ‘मी घराची सीईओ होते’ हे वाक्य ऐकून पॅनेलवरचे लोक थकले असतील. त्यापेक्षा प्रत्यक्ष केलेले सांगावे : घरी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, सोसायटीच्या पुनर्विकासात समितीचे हिशेब पाहिले, नवऱ्याच्या दुकानाचे जीएसटी विवरण भरले. डोंबिवलीत घरगुती शिकवणी हा इतका मोठा उद्योग आहे, की तिला ‘काही नाही, घरीच असते’ म्हणणे हा आपल्याकडचा वाईट विनोद आहे. मात्र अनुभवाच्या रकान्यात ते लिहायचे तर कागद हवा : विवरणपत्र, उद्यम नोंदणी, बँकेतील जमा. कागद नसेल तर रकाना रिकामा ठेवून मुलाखतीत सांगावे.

आणि अनुभवाचे खोटे पत्र घेऊ नये. ओळखीच्या छोट्या कंपनीच्या लेटरहेडवर दोन वर्षांची नोकरी दाखवून देणारे लोक सगळीकडे असतात. काही हजारांत काम होते. ते उघडे पडायला फार वेळ लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यात नोकऱ्यांची नोंद तारखांसह असते आणि अनेक कंपन्या रुजू करून घेताना ती मागतात. पत्रात नोकरी आणि खात्यात काहीच नाही, असे झाले की मिळालेली नोकरीही जाऊ शकते. तीन वर्षांचा खरा खंड सांगता येतो. दोन वर्षांची खोटी नोकरी कोणालाच समजावता येत नाही.

कागदपत्रांत कुठे अडते?

लग्नानंतरच्या नावात. दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र पुन्हा माहेरचे. अर्ज भरताना कोणते नाव टाकायचे, हा गोंधळ नोंदणीच्या शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवावे.

ओबीसी उमेदवारांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. नॉन-क्रीमी लेयर ठरवताना विवाहित स्त्रीच्या आई-वडिलांची स्थिती पाहतात, पतीचे उत्पन्न नाही. ‘नवऱ्याचा पगार जास्त आहे, आता मला सवलत नाही’ असे समजून थेट खुल्या गटातून अर्ज भरणाऱ्या स्त्रिया स्वतःचेच नुकसान करतात. हा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. त्यांची गल्लत सेतू केंद्राच्या रांगेतही होते. डोंबिवलीकरांना या कामासाठी कल्याण तहसीलकडे पाहावे लागते, कारण डोंबिवली कल्याण तालुक्यातच येते. दाखल्याला वेळ लागतो, आणि सीईटीच्या निकालानंतर रांगा वाढतात. म्हणून अर्ज आधीच टाकलेला बरा.

शिक्षणात खंड असल्यास कॉलेज सहसा एक प्रतिज्ञापत्र मागते : अमुक काळात कुठल्याही अन्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला नव्हता, एवढाच त्याचा मजकूर. यात लाजण्यासारखे काही नाही. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचे ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क राज्याने २०२५ मध्ये माफ केले आहे. एजंट तरीही मुद्रांक घ्यायला लावत असेल, तर कशासाठी ते विचारावे.

पसंतीक्रम भरताना लोकलचा हिशेब का महत्त्वाचा?

कारण कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, की ती जागा पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत दुसरे मागता येत नाही. बावीस वर्षांचा मुलगा नावाकडे पाहून पसंती भरतो आणि ते बरोबरच आहे. खंडानंतर परतणाऱ्याने मिनिटेही मोजावीत.

कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. चर्चगेटला जायचे तर दादरला गाडी बदलायची. दारापासून दारापर्यंत एका बाजूला पावणेदोन तास धरले, तर दिवसाचे साडेतीन तास प्रवासात जातात. आठवड्याला पाच दिवस म्हटले तर साडेसतरा तास. एमबीएत वर्ग संपल्यावर खरे काम सुरू होते : गटाचे प्रोजेक्ट, केस स्टडी, रात्री दहाच्या बैठका. ज्या गटातली एक सदस्य सव्वासहाची लोकल पकडायला उठते, तिला गट हळूहळू विसरतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण होते.

म्हणून विद्याविहारचे सोमय्या, माटुंग्याचे वेलिंगकर ही मध्य रेल्वेवरची कॉलेजे कल्याण-डोंबिवलीच्या उमेदवाराला अंधेरी-पार्ल्यापेक्षा अंतराने खूपच सोयीची पडतात. ठाण्यातच विद्या प्रसारक मंडळाची डॉ. वा. ना. बेडेकर व्यवस्थापन संस्था आहे आणि ती स्थानकापासून दूर नाही. नाव आणि अंतर यांत निवड करायची वेळ आली तर नियम एकच लावता येईल. बजाजसारख्या संस्थेसाठी दोन वर्षे लोकलचे हाल काढावेत. मधल्या फळीतल्या दोन कॉलेजांत मात्र फार फरक नसतो. तिथे घराजवळचे घ्यावे आणि वाचलेले तास इंटर्नशिप शोधण्यात घालावेत.

पैशांचे काय?

राज्यातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेजच्या माहितीपत्रकातील आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत देण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच ती लागू आहे. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागांना नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. ही योजना बारावीनंतरच्या मुलींसाठीच आहे असा समज ठाणे जिल्ह्यात अजून घट्ट आहे. एमबीए हाही व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. विवाहित अर्जदाराने उत्पन्नाचा दाखला कोणाचा जोडायचा, हे सुविधा केंद्रावर आधीच लेखी विचारून घ्यावे. महाडीबीटीवरील राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत खंडाची अट आहे, पण ती अभ्यासक्रम चालू असतानाच्या दोन किंवा अधिक वर्षांच्या खंडाची. आधीच्या खंडाची नव्हे.

कर्ज घ्यायचे तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज देते, पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती. घराजवळचे कॉलेज त्या यादीत असेलच असे गृहीत धरू नये. आठ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची फेड असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,३०० रुपये येतो, आणि त्यात शिकत असताना साचलेले व्याज धरलेले नाही. जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते. पती स्वतः कर्ज काढून पत्नीला शिकवत असेल तरी ती मिळते. नवीन प्रणालीत नाही.

घरूनच करायचे असेल तर?

यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते. इग्नूचा एमबीए, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा एमबीए, मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्राचा एमएमएस हे पर्याय स्वस्त आहेत. मात्र त्यांना कॅम्पस नसतो. ज्याला नोकरी आहे आणि बढतीसाठी पदवी हवी आहे, त्याला ते उत्तम. ज्याला नोकरीच परत हवी आहे, त्याने फक्त पदवीने दार उघडेल असे समजू नये. तीस हजारांत होणाऱ्या ‘मिनी एमबीए’च्या जाहिराती तर पदवीच्या नसतातच, प्रमाणपत्राच्या असतात.

आणि कॅम्पसवर?

खरी कसोटी इथे आहे, आणि प्रवेशाच्या वेळी याविषयी कोणी फारसे बोलत नाही. कॅम्पसवर येणाऱ्या काही कंपन्यांच्या पात्रता अटींत ‘शिक्षणात एक किंवा दोन वर्षांपेक्षा अधिक खंड नसावा’, ‘दहावीपासून सलग ६० टक्के’ अशी ओळ असते. यादी संगणकाने गाळली जाते. उमेदवाराला मुलाखतीपर्यंत पोहोचूही दिले जात नाही. सीईटीत ९८ पर्सेंटाइल मिळवून, दोन वर्षे घासून, शेवटी एका एक्सेल गाळणीत अडकायचे, ही या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायकारक गोष्ट आहे. राज्य सरकार प्रवेशाच्या दारात खंड पाहत नाही, शुल्कही माफ करते. मग त्याच पैशाने शिकलेल्या विद्यार्थिनीला कॉलेजच्या आवारात येणारी कंपनी खंडावरून वगळते, तेव्हा कॉलेजने गप्प का बसावे? किमान या अटी प्रवेशाआधी जाहीर करायला कॉलेजांना भाग पाडता येईल. तंत्रशिक्षण विभागाने मनावर घेतले तर हे एका परिपत्रकाचे काम आहे.

तोवर विचारायचे काम उमेदवाराचेच. प्रवेश पक्का करण्यापूर्वी कॉलेजच्या प्लेसमेंट कक्षाला तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या बॅचमध्ये तिशीच्या पुढचे किंवा दोन वर्षांहून अधिक खंड असलेले किती विद्यार्थी होते? त्यांतल्या किती जणांना कॅम्पसवरून नोकरी मिळाली, आणि कोणत्या कामाची? कोणत्या कंपन्यांनी खंडाची अट घातली होती? ‘आमचे १०० टक्के प्लेसमेंट आहे’ एवढेच उत्तर आले, तर प्रश्न पुन्हा विचारावा. शक्य असल्यास लिंक्डइनवर त्या कॉलेजचे, आपल्यासारखाच खंड असलेले दोन माजी विद्यार्थी शोधून त्यांना विचारावे. बहुतेक जण उत्तर देतात.

कॅम्पसच्या बाहेरही वाटा आहेत. टाटा समूहाने २००८ मध्ये खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम’ सुरू केला, त्यानंतर टीसीएससह अनेक मोठ्या कंपन्यांनी असे कार्यक्रम आणले. त्यांत बहुधा आधीच्या नोकरीचा अनुभव मागतात. म्हणजे आधी चार-पाच वर्षे काम केलेल्या स्त्रीने दोन वर्षे आणि कर्ज यांत पडण्यापूर्वी हा दरवाजा आधी ठोठावून पाहायला हरकत नाही. तिथे जमले तर एमबीए नंतर, कंपनीच्या सवलतीत, अर्धवेळही करता येतो. स्पर्धा परीक्षांतून आलेल्या उमेदवाराला ही वाट नाही. त्याच्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधली दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप हीच खरी प्रवेश परीक्षा असते, आणि तिच्यासाठीचे फोन त्याने पहिल्या सत्रातच लावायला घ्यावेत.